खिशातल्या दप्तराची निवड

कामांची नोंद ठेवण्यासाठी मोबाईलवर कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न अलीकडे पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारी माणसे परस्परांहून इतकी भिन्न असतात की एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. मोप येथील विमानतळावर आलटून-पालटून दिवसपाळी आणि रात्रपाळी करणारा तरुण तो विचारतो. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यालगत चार खोल्या पाहुण्यांना देऊन संसाराला हातभार लावणारी गृहिणी विचारते. डिचोलीच्या बाजारपेठेतला व्यापारी, खनिजाच्या वाहतुकीत ट्रक असलेला त्याचा शेजारी, आणि ज्यांच्या घराण्याकडे यंदा देवस्थानची पाळी आली आहे असे वयोवृद्ध महाजन, हे सारे विचारतात. प्रत्येकाची अपेक्षा अशी असते की मी एक नाव उच्चारावे आणि त्यांनी ते तत्काळ मोबाईलवर उतरवून घ्यावे. मी मात्र त्यांना पंधरा दिवस थांबावयास सांगतो, आणि त्या पंधरा दिवसांत जे करावयाचे तेच पुढच्या साऱ्या निवडीचा पाया असल्यामुळे प्रथम त्याविषयी लिहितो.

एक साधी खिशात मावणारी वही घ्यावी आणि जे काम मनात येईल, अगर दुसरा कोणी सांगेल, ते त्याच क्षणी तीत टिपावे. कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्याला मुदत आहे की नाही, ते आपल्या एकट्याच्या हातचे आहे की दुसऱ्या कोणावर अवलंबून आहे, आणि ते आठवले तेव्हा आपण कोठे होतो. ही तिसरी नोंद अनेकांना निरर्थक वाटते, परंतु ॲपच्या निवडीत तिचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. कुळागरात पाट मोकळा करताना चिखलाने माखलेल्या हातांनी ज्याला कामे आठवतात, त्याला बोलून नोंद करता येईल असे साधन हवे. ज्याला ती दुकानाच्या गल्ल्यावर बसून आठवतात, त्याला संगणकावर उघडणारे हवे. आणि ज्याला ती रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतात, त्याला उघडताक्षणी कोरी ओळ समोर ठेवणारे, दहा प्रश्न न विचारणारे साधन हवे. पंधराव्या दिवशी वही घेऊन शांतपणे बसावे आणि रुजवात घ्यावी: कामे किती आली, किती उरकली, किती राहिली, आणि जी राहिली ती विसरल्यामुळे राहिली की दुसऱ्याने न केल्यामुळे. विसरल्यामुळे राहिली असतील तर आपल्याला स्मरण देणारे ॲप हवे. दुसऱ्यावर अडली असतील तर वाटून घेता येणारी यादी हवी. हे दोन निरनिराळे रोग आहेत आणि त्यांवर एकच औषध चालत नाही.

वहीतील ओळ कशी लिहिली आहे, याकडेही त्याच वेळी पाहावे. एकदा मी ‘मामलेदार कचेरी’ एवढेच दोन शब्द टिपून ठेवले होते. त्या दिवशी कचेरीत पोहोचलो तेव्हा फेरफाराची हरकत नोंदवावयाची होती की एक-चौदाचा उतारा घ्यावयाचा होता, हे आठवेना, आणि दोन्हींपैकी कशाचेही कागद बरोबर नसल्यामुळे खेप वाया गेली. काम लिहिताना क्रियापद लिहावे, लागणारे कागद लिहावेत, आणि ज्याला भेटावयाचे त्याचे नाव लिहावे. अपुरे लिहिलेले काम सर्वोत्तम ॲपमध्येही अपुरेच राहते.

लिहून ठेवण्याचा हा शिरस्ता आपल्या भूमीला नवा नाही. गोव्याच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ साली झाली आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार तेथील पहिला दप्तरदार. पुढे १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, त्याच्या काही वर्षे अगोदर डिचोली गेली, तरी या नव्या काबिजादींतला कागद मोडी मराठीतच लिहिला जात राहिला. व्यापाऱ्यांच्या पेढीवर तर दोन वह्या समोरासमोर चालत. घडेल तसा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने किर्दीत उतरवावयाचा, आणि सवडीने त्याच नोंदी खात्या-खात्याने खतावणीत न्यावयाच्या, ही पद्धत ज्यांनी बालपणी घरात पाहिली आहे त्यांना कामांच्या ॲपची परीक्षा करणे मुळीच अवघड नाही. आठवले ते काम विचार न करता एका ठिकाणी पडले पाहिजे, ही त्याची किर्द; आणि तेच काम पुढे घर, शेत, दुकान, देवस्थान अशा खात्यांत जाऊन बसले पाहिजे, तरीही ‘आज काय?’ असे विचारताच सर्व खात्यांतून निवडून तारखेनुसार समोर आले पाहिजे, ही त्याची खतावणी. ज्या ॲपमध्ये काम लिहिण्यापूर्वीच खाते निवडण्याची सक्ती असते, त्यात पहिल्या आठवड्यानंतर कोणी लिहीत नाही. आणि ज्यात केवळ एकच लांबलचक यादी असते, त्यात शंभरावे काम लिहिले की पहिले दिसेनासे होते. माझ्या मते निवडीची पहिली आणि सर्वांत खरी कसोटी हीच होय.

दुसरी कसोटी पुनरावृत्तीची, आणि येथे आपल्या प्रदेशाचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत, ज्यांचा विचार परदेशात घडलेल्या या साधनांनी केलेला नाही. त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

काही कामे तारखेने येतात. विजेचे बिल, घरपट्टी, ट्रकचा विमा आणि पासिंग, प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र, ही या वर्गातली. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यातील कित्येकांचे ट्रक दारात उभे राहिले, आणि चाक फिरत नसतानाही कागदांच्या मुदती मात्र फिरत राहिल्या. ज्यांनी त्या तारखा लिहून ठेवल्या होत्या त्यांना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणताना त्रास कमी झाला. ही कामे कोणतेही ॲप सांभाळते. फक्त एवढे पाहावे की मुदतीच्या दिवशी मिळणारी एकच सूचना पुरेशी नसते. विम्यासाठी पंधरा दिवस आधीची आणि दोन दिवस आधीची अशा दोन सूचना ठेवता आल्या पाहिजेत. विमानतळावरील पाळीवाल्यांना आठवड्याच्या वाराने चालणारी पुनरावृत्ती उपयोगाची नसते, कारण त्यांच्या पाळीचे चक्र सात दिवसांचे असेलच असे नाही. त्यांनी ‘दर अमुक दिवसांनी’ असे सांगता येते की नाही हे पाहावे.

दुसऱ्या वर्गातील कामे तारखेने न येता, ते काम मागच्या वेळी केव्हा झाले त्यावरून येतात. नारळाचा पाडा घ्या. सुमारे तीन महिन्यांनी पाडा करावयाचा हे खरे, परंतु पाडेली आज मिळणे इतके दुर्मिळ झाले आहे की जानेवारीचा पाडा फेब्रुवारीच्या मध्यावर होतो, आणि मग पुढचा पाडा एप्रिलमध्ये न येता मेच्या मध्यावर येतो. ॲपने जर जानेवारीपासूनच तीन-तीन महिने मोजले, तर त्याची सूचना प्रत्येक वेळी लवकर येऊ लागते, आणि लवकर येणाऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली की खऱ्या सूचनेकडेही लक्ष जात नाही. विहिरीच्या पंपाची तपासणी, पाण्याची टाकी धुणे, औषधांची फेरभरती, ही सारी याच जातीची कामे. म्हणून ॲप निवडताना ‘पुन्हा’ या सदरात जाऊन मोजणी ठरलेल्या तारखेपासून होते की काम पूर्ण केल्याच्या तारखेपासून, हे अवश्य तपासावे. टोडोइस्टमध्ये आणि टास्क्स डॉट ऑर्ग या मुक्तस्रोत ॲपमध्ये दोन्ही प्रकारांची सोय आहे. ज्यांत ती नाही अशी प्रसिद्ध ॲप्सही आहेत.

तिसरा वर्ग तिथीचा, आणि येथे सर्व ॲप्स सारखीच तोकडी पडतात. चवथ २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला, आणि २०२६ साली अधिक मास येत असल्याकारणाने १४ सप्टेंबरला. शिरगावच्या श्रीलईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. होमकुंडातून चालणाऱ्या धोंडांचे व्रत तिच्या आधीपासून सुरू होते. पेडण्याची पुनव कोजागरीची. ‘दर वर्षी’ असे सांगून ठेवलेली सूचना या सर्वांच्या बाबतीत पुढच्याच वर्षी चुकते, आणि वाईट गोष्ट अशी की ती चुकते आहे हे कळत नाही, कारण सूचना तर येते. यावर उपाय एकच: तिथीच्या कामांना पुनरावृत्ती लावूच नये. गुढीपाडव्याच्या सुमारास नवे पंचांग घेऊन बसावे, त्या वर्षातील आपल्या घराच्या आणि देवस्थानच्या सर्व तिथींच्या तारखा एकदम भरून टाकाव्यात, आणि हेच काम पुढच्या पाडव्यासाठी एक काम म्हणून लिहून ठेवावे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केले तेव्हापासून मराठी घरांतील स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी कामांची नोंद आपोआप होऊ लागली, म्हणजे दुधाच्या खाड्यांची, गॅसची, मुलांच्या परीक्षेची, तिचे बळ याच गोष्टीत होते की तिथी आणि तारीख एकाच चौकटीत दिसत. ती भिंतीवरची नोंद मोबाईल घेतल्यावर बंद करावी असे मी म्हणणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांना जे दिसते ते भिंतीवरच दिसते.

भरती-ओहोटीच्या कामांचा प्रश्न तिथीच्या प्रश्नाला लागूनच आहे. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी ज्यांची खाजन जमीन आहे, त्यांना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध आणि मानशीची दारे पाहून यावी लागतात. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्थात ‘रोज सकाळी सहाला’ अशी सूचना तिसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते. मुरगाव बंदराच्या भरतीची वेळापत्रके भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. नदीच्या आत भरती त्याहून उशिरा पोहोचते, आणि तो उशीर किती हे त्या त्या वाड्यावरच्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. वेळापत्रकातून उधाणाचे तेवढे दिवस घेऊन, आपल्या वाड्याचा उशीर मिळवून, महिन्याच्या दोन-तीन नोंदी हातानेच कराव्यात. खाजनाचा बांध एका रात्रीत फुटतो आणि खारे पाणी आत आले की शेताचा सारा हंगाम हातचा जातो. ज्या नोंदीवर एवढे अवलंबून आहे, तिच्यासाठी महिन्याची पाच मिनिटे फार नव्हेत.

चौथा वर्ग प्रसंगाने येणाऱ्या कामांचा. किनाऱ्यावरच्या घरात परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) भरून पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वेळी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्यावयाच्या, खोलीचे भाडे आणि ठेव नोंदवावयाची, चादरी मोजून द्यावयाच्या, आणि तो निघाला की हेच सारे उलट क्रमाने करावयाचे. पाहुणा कोणत्या तारखेला येईल हे कोणी सांगू शकत नाही, परंतु आल्यावर काय करावयाचे ते नेहमी तेच असते. अशा कुटुंबाला तारखांच्या सूचनांपेक्षा उपकामांची एक तयार यादी हवी, जी दर पाहुण्यामागे नक्कल करून घेता येईल. ॲपमध्ये यादीची अगर कार्डाची नक्कल करण्याची सोय आहे की नाही, हे या लोकांनी सर्वांत आधी पाहावे. तारांकित आणि रंगीत सुविधा नंतर.

आता कामे वाटून घेण्याविषयी. आपल्या गावांत आज जवळजवळ प्रत्येक समितीचे काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते, आणि ग्रुप हे निरोप देण्याचे उत्तम साधन असले तरी कामे सांभाळण्याचे साधन म्हणून त्यात एक मूलभूत उणीव आहे. ‘ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचे कोणीतरी बघा’ असा मजकूर पडतो, त्याखाली पाच अंगठे उमटतात, मग शुभेच्छांची चित्रे येतात, आणि दुसऱ्या दिवशी तो मजकूर वर कोठेतरी वाहून गेलेला असतो. पाचही जणांना वाटते की चौघांपैकी कोणी गेला असेल. पेडणे महालात जत्रेला आणि सप्त्याला मराठी नाटक करण्याची जी जुनी, जिवंत प्रथा आहे, तिच्यात भाग घेतलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे: संहिता, तालमीची जागा, बाहेरून बोलवावयाच्या स्त्री-कलावंतांशी बोलणी, नेपथ्य आणि पडदे, रंगभूषा, प्रकाशयोजना, पत्रके, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाचा सदैव उभा असलेला प्रश्न. प्रत्येक कामापुढे एकच नाव पाहिजे. दोन नावे लिहिली की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

अशा सामुदायिक कामाला ट्रेलोसारखे फळ्याचे ॲप चांगले. २०११ साली निघालेल्या या ॲपची कल्पना मुळात जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केलेल्या कार्डांच्या पद्धतीपर्यंत मागे जाते. फळ्यावर ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे उभे रकाने असतात, प्रत्येक काम एक कार्ड असते, कार्डावर ज्याच्याकडे ते आहे त्याचे नाव असते, आणि काम पुढे गेले की कार्ड हाताने पुढच्या रकान्यात सरकवावयाचे. ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे त्यांनाही फळा एका दृष्टिक्षेपात कळतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु फळा एकट्याच्या घरगुती कामांसाठी मी सुचवणार नाही. तेथे कार्डे सरकवण्याचेच एक काम वाढते.

कुटुंबातील वाटणी निराळी. चवथीला मुंबईहून थोरले बंधू येणार, दुबईहून धाकटी बहीण येणार, आणि घरी वहिनी माटोळीची तयारी करणार, अशा घरात एकच सामायिक यादी ठेवली तर डिचोलीच्या बाजारातून सुपारीचे कात्रे, तोरंजन आणि कवंडळे कोणी आणली आणि कोणती राहिली, हे सर्वांना दिसते, आणि तीच वस्तू दोनदा विकत घेतली जात नाही. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: गोव्यातले सकाळचे सात म्हणजे दुबईतले पहाटेचे साडेपाच. सामायिक कामाला वेळ लावताना ती कोणत्या देशाची वेळ म्हणून धरली जाते हे एकदा परस्परांच्या फोनवर पडताळून घ्यावे.

यानंतर रेंजचा विषय. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर आणि सत्तरीकडे वळणाऱ्या रस्त्यांवर ती कधी असते, कधी नसते. म्हणून ॲप घेतल्यावर पहिल्याच दिवशी फोन विमान-मोडवर टाकून पाहावे: यादी उघडते काय, नवे काम लिहिता येते काय, आणि रेंज परत आल्यावर ते दुसऱ्या फोनवर पोहोचते काय. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगते. सूचना वेळेवर येत नाहीत, अशीही तक्रार पुष्कळ ऐकू येते, आणि लोक ॲपला दोष देऊन दुसरे घेतात. वास्तविक बहुतेक वेळा दोष फोनच्या मांडणीत असतो. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सूचना दाखवण्याची परवानगी आणि नेमक्या वेळी गजर करण्याची परवानगी वेगवेगळी द्यावी लागते, शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी फोन पडद्यामागची ॲप्स झोपवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन या तीन ठिकाणी सवलत द्यावी, पाच मिनिटांनंतरचे एक खोटे काम लावावे, फोन बाजूला ठेवावा आणि गजर होतो का ते पाहावे.

भाषेविषयी मला जरा आग्रहाने लिहावयाचे आहे. देवनागरी अक्षरे आता सर्वत्र उमटतात, आणि २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलूनही लिहिता येते, तेव्हा कामे मराठीत लिहिण्यास कोणतीही आडकाठी उरलेली नाही. अडचण येते ती शोधताना. आपली भाषा शब्दाचे रूप बदलते: ‘विमा’ या शब्दाने शोधले तर ‘विम्याचा हप्ता’ सापडत नाही, ‘पाडा’ शोधले तर ‘पाड्याचे पैसे’ सापडत नाहीत. त्यात कोणी निम्मी कामे रोमन अक्षरांत लिहीत असेल तर अर्धे दप्तर कायमचेच हरवते. यास्तव दोन नियम स्वतःला घालून घ्यावेत: लिपी एकच ठेवावी, आणि नोंदीच्या आरंभी मूळ शब्द प्रथमेत लिहून मग पुढचा मजकूर लिहावा, जसे ‘विमा, ट्रक, हप्ता भरणे’ किंवा ‘पाडा, वरची बाग, पाडेलीस सांगणे’. जुन्या बासनांवरच्या फर्दी अशाच लिहिल्या जात, आणि त्यामागचे कारणही हेच होते. इंग्रजी वाक्य लिहिले की त्यातून तारीख आपोआप ओळखणारी ॲप्स आहेत. ती मराठी वाक्यातून ओळखतील अशी अपेक्षा धरू नये, आणि केवळ त्या सोयीसाठी आपली भाषाही सोडू नये. तारीख बोटाने निवडण्यास दोन क्षण लागतात.

टिकाऊपणाचा विचार बहुतेक लोक करीत नाहीत. वंडरलिस्ट हे बर्लिनमध्ये घडलेले ॲप एके काळी जगभर लोकप्रिय होते. २०१५ साली ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. अ‍ॅस्ट्रिड नावाचे दुसरे ॲप २०१३ साली याहूने घेतले आणि त्याच वर्षी बंद केले. त्याची संहिता खुली असल्यामुळे तिच्यातून वर उल्लेखिलेले टास्क्स डॉट ऑर्ग उभे राहिले, हा त्यातला एक चांगला परिणाम. मोठ्या कंपनीचे आहे म्हणून ते आपल्या आयुष्यभर चालेल, असे समजू नये. घेताना एकदाच पाहावे की आपली सर्व नोंद फाईलच्या रूपाने बाहेर काढता येते काय, आणि येत असेल तर वर्षातून दोनदा ती काढून ठेवावी. पैसे द्यावे की न द्यावे, याचे उत्तरही पंधरा दिवसांच्या वहीत आहे: फुकट आवृत्तीत ज्या गोष्टीची मर्यादा आहे ती आपल्याला खरोखर लागते असे वहीने दाखवले तरच वर्षाची वर्गणी भरावी, अन्यथा नाही. आणि बँकेचे पिन, पासवर्ड, आधारचा क्रमांक यांपैकी काहीही कामाच्या यादीत लिहू नये; सूचना बंद पडद्यावरही दिसतात, आणि फोन टेबलावर पडलेला असतो.

एवढे पाहिल्यावर नावे सांगण्यास हरकत नाही. एकट्यापुरती साधी कामे असलेल्यांस गूगल टास्क्स पुरते. परंतु त्यातील आपली खासगी यादी दुसऱ्याबरोबर वाटून घेता येत नाही, म्हणून कुटुंबासाठी ते घेऊ नये. कुटुंबासाठी मायक्रोसॉफ्ट टू डू मला योग्य वाटते: यादी दुव्याने वाटता येते, कामाखाली पायऱ्या लिहिता येतात, आणि त्यातील ‘माय डे’ हे सदर दररोज मध्यरात्री रिकामे होत असल्यामुळे आजची कामे आज पुन्हा विचार करून निवडावी लागतात. केवळ बाजाराची यादी वाटून घ्यावयाची असेल तर गूगल कीप पुरेसे. आयफोन असणाऱ्यांच्या फोनमध्ये रिमाइंडर्स असतेच, आणि शुक्रवारी म्हापशाला पोहोचताच अमुक आणावयाचे आहे अशी जागेवरून आठवण देण्याची त्याची सोय बाजारहाटाला फार उपयोगी पडते. बागायतदारांनी, म्हणजे ज्यांची कामे मागच्या कामावरून मोजावी लागतात त्यांनी, टोडोइस्ट अगर टास्क्स डॉट ऑर्ग पाहावे. आपली नोंद कोणत्याही कंपनीच्या खात्यात जाऊ नये असे ज्यांना वाटते त्यांनी टास्क्स डॉट ऑर्गच घ्यावे, कारण ते खाते न उघडताही चालते. समित्यांसाठी ट्रेलो. आणि पंधरा दिवसांची वही पाहून ज्यांना असे आढळले की दिवसाला तीन-चारच कामे असतात आणि ती विसरलीही जात नाहीत, त्यांनी काहीच घेऊ नये. वहीच पुढे चालवावी. असे सांगितल्यावर काहींना निराशा वाटते, पण ते उत्तर मी पूर्ण विचारांती देतो.

निवडलेले ॲप दोन आठवडे खऱ्या कामांसह वापरावे, आणि त्या काळात दुसरे ॲप मुळीच उघडून पाहू नये. रोज संध्याकाळी, देवापुढे दिवा लागल्यावर अगर दुकानाची फळी लावण्यापूर्वी, दहा मिनिटे रुजवात ठेवावी: झालेल्या कामांवर खूण, न झालेल्यांना नवी तारीख, आणि जे काम तीन वेळा पुढे ढकलले गेले त्याविषयी निर्णय, की ते करावयाचे, दुसऱ्याला द्यावयाचे, की खोडून टाकावयाचे. दोन आठवड्यांनंतर ही दहा मिनिटे जड वाटू लागली असतील तर ॲप बदलण्याआधी यादी कमी करून पाहावी.

देवस्थानच्या पाळीवाल्यांना आणखी एक सांगावयाचे आहे. वर्ष सरत आले, जत्रा आटोपली, हिशेब महाजनांपुढे ठेवला, की आपल्या वर्षाची यादी पुसू नये. कोणते काम किती दिवस आधी सुरू केले, ते प्रत्यक्षात किती दिवस लागले, मंडप कोणाकडून आणला, फुलांची मागणी केव्हा नोंदवली, परवान्यासाठी कोणते कागद लागले, हे प्रत्येक कामाखाली ओळीभरात लिहून ठेवावे. मग त्या यादीची नक्कल करावी, झाल्याच्या खुणा काढून टाकाव्यात, नव्या पंचांगातील तिथीवरून सर्व तारखा भराव्यात, आणि ज्या घराण्याकडे पुढची पाळी आहे त्यांना ती यादी वाटून द्यावी. त्यांच्या घरात मोबाईल वापरणारे कोणी नसेल तर छापून, देवस्थानच्या किल्ल्या आणि वह्या देताना त्यांच्याच बरोबर.